जपान तोट्यातील ग्रामीण रेल्वेमार्ग बंद का करत नाही?

प्रश्नात गृहीत धरले आहे तसे सरसकट होत नाही. जपानमध्ये असे कितीतरी मार्ग बंद झाले आहेत. मात्र काही मार्ग का तगले, हे समजून घ्यायचे असेल तर तादामी मार्गाचा इतिहास पाहावा, असे मी सुचवेन.

फुकुशिमा प्रांतातील आइझु-वाकामात्सु ते निइगाता प्रांतातील कोइदे असा हा 135.2 किलोमीटरचा एकेरी, विद्युतीकरण न झालेला मार्ग आहे. तो एका दमात बांधला गेला नाही. पूर्वेकडून 1926 मध्ये पहिला तुकडा सुरू झाला, पश्चिमेकडून 1942 मध्ये रूळ ओशिराकावापर्यंत आले आणि मध्ये डोंगर तसाच राहिला. पूर्वेकडचे रूळ 1956 मध्ये आइझु-कावागुचीला पोहोचले. तेथून तादामीपर्यंतचा भाग मुळात प्रवाशांसाठी नव्हताच. तागोकुरा धरणाच्या बांधकामाचे साहित्य नेण्यासाठी वीजनिर्मिती कंपनीने तो टाकला आणि 1963 मध्ये तो राष्ट्रीय रेल्वेकडे आला. शेवटी सहा किलोमीटरहून लांब असा रोकुजुरिगोए बोगदा खोदून 1971 मध्ये दोन्ही टोके जोडली गेली. कोइदेकडचा भाग पुढच्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या काकुएइ तानाका यांच्या मतदारसंघात होता, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडाल्यावर 1980 च्या कायद्याने तोट्यातील मार्गांची छाटणी सुरू झाली. तादामी मार्ग वाचला तो बर्फामुळे. समांतर जाणारा 252 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिवाळ्यात खिंडीत बंद होत असल्याने गाडीऐवजी बस चालवण्याचा पर्यायच नव्हता.

खरी कसोटी जुलै 2011 मध्ये लागली. अतिवृष्टीने तादामी नदीवरील पुलांचे गर्डर वाहून गेले आणि आइझु-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा टप्पा बंद पडला. त्याआधीच्या वर्षी तेथील प्रवासी-घनता (टप्प्यावरील कोणत्याही ठिकाणाहून जाणाऱ्या प्रवाशांची सरासरी संख्या) दिवसाला अवघी 49 होती. म्हणजे सरासरीने पाहता दिवसभरातील दोन्ही दिशांचे प्रवासी एका बसमध्ये मावले असते. राष्ट्रीय रेल्वेच्या खासगीकरणानंतर हा मार्ग चालवणाऱ्या जेआर ईस्ट कंपनीला तेथे गाडीऐवजी बस चालवणे परवडणारे वाटत होते आणि हिशेबापुरते पाहिले तर तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. स्थानिक नगरपालिका व प्रांत मात्र अडून बसले. 2017 मध्ये तोडगा निघाला: रूळ, पूल आणि स्थानके यांची मालकी व देखभाल फुकुशिमा प्रांताकडे, तर गाड्या चालवण्याचे काम जेआर ईस्टकडे. नफ्यातील कंपनीच्या मार्गालाही सरकारी मदत देता यावी म्हणून 2018 मध्ये कायदा बदलला गेला. सुमारे 900 कोटी येन खर्चून 1 ऑक्टोबर 2022 रोजी, अकरा वर्षांनी, गाडी पुन्हा धावली.

देखभालीचा वार्षिक बोजा आता करदात्यांवर आहे आणि तिकिटांतून तो कधीच भरून निघणार नाही. प्रांताची भिस्त पर्यटनावर आहे. आइझु-मियाशिता स्थानकाच्या अलीकडे तादामी नदीवरील पहिल्या पुलाची कमान धरणामुळे संथ झालेल्या पाण्यात जशीच्या तशी उमटते आणि ते छायाचित्र टिपायला लोक समोरच्या टेकडीवर गाडीच्या वेळा पाहून उभे असतात. अडचण अशी की त्यांतले बरेच जण मोटारीने येतात. पुन्हा सुरू झालेल्या टप्प्यावर दिवसाला गाड्यांच्या तीनच फेऱ्या ठेवल्या गेल्या. त्यामुळे जायचे असल्यास आधी वेळापत्रक आणि मगच मुक्काम ठरवावा.