कानो क्रिस्तालेसला, म्हणजे कोलंबियातल्या त्या लाल दिसणाऱ्या नदीला, पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

अरे तिकीट काढायच्या आधी सीझन बघ रे, साधारण जून ते नोव्हेंबर एवढंच, नंतर पाणी आटतं आणि पार्कच बंद असतं. आणि तो लाल रंग पाण्याचा नाहीये हां, तळाच्या खडकाला घट्ट चिकटून वाढणारी माकारेनिया क्लाविगेरा नावाची वनस्पती आहे ती, उन्हात गुलाबी-लाल आणि सावलीत हिरवीच राहते, म्हणून ढगाळ दिवशी फोटो मार खातात. एकच दिवस ठेवू नकोस, दोन-तीन तरी ठेव.

राजधानी बोगोताहून ला माकारेना गावाला छोटं विमान, पुढे ग्वायाबेरो नदीतून होडी, मग गाडी आणि मग पायपीट. गाईडशिवाय आत सोडत नाहीत. सनस्क्रीन, मच्छर क्रीम काहीही लावून पाण्यात उतरायचं नाही, त्या झाडाला त्रास होतो, सो फुल बाह्यांचा शर्ट आणि टोपी घे. मी हाफ टीशर्टवर गेलेलो, मान अशी भाजली की रात्री उशी टेकवेना 😅

यलो फिव्हरची लस मात्र निघायच्या किमान 10 दिवस आधी घे, आपल्याकडे ती ठरावीक सेंटरलाच मिळते त्यामुळे अपॉइंटमेंटचं आत्ताच बघ.