पाच दिवस ताप आणि तीन डॉक्टरांची तीन मतं

ताई, तुमचा राग कळतोय. चार वर्षांच्या मुलाला पाच दिवस ताप, पहिले डॉक्टर व्हायरल म्हणाले, दुसऱ्यांना गोवराची शंका आली आणि आता तिसरे कावासाकीचं (लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) नाव काढून हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, सांगतायत, मग आधीच्या दोघांना काही कळत नव्हतं का, असं तुम्ही विचारताय. मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते, ते चुकलेच असतील असं नाही. दुसऱ्या दिवशी हे सगळे आजार सारखेच दिसतात हो, ताप, लाल डोळे, पुरळ, किरकिर. तिसऱ्यांना जे दिसलं ते पहिल्यांसमोर आलेलंच नसणार.

कावासाकीची एक अशी टेस्ट नाहीच. निदान खुणांवरून होतं. पाच दिवस ताप आणि पाचपैकी चार गोष्टी: दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले किंवा जीभ लालभडक खरखरीत, अंगावर पुरळ, हातापायांना सूज-लाली, मानेत दीड सेंटीमीटरहून मोठी गाठ. आणि गोची अशी की ह्या एकाच दिवशी हजर नसतात, डोळे तिसऱ्या दिवशी लाल होऊन पाचव्याला निवळतात तेव्हा कुठे ओठ फुटायला लागतात. अगदी तान्ह्या बाळांत तर चार खुणा पुऱ्या होतच नाहीत, तिथे फार जपावं लागतं.

एकदा एक सव्वा वर्षाचं पोर आलं होतं, सहावा दिवस, डोळे स्वच्छ. आई म्हणत होती लाल होते, कोणी मनावर घेईना. मग तिने आजीशी केलेल्या व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट दाखवला. झूम केलं तर डोळा लाल, पण बुबुळाच्या कडेने पांढरी रिंग तशीच कोरी. कावासाकीत असं दिसतं. चित्रच बदललं.

बाकीचे कसे वेगळे करतात? गोवरात खोकला आणि वाहतं नाक सहसा असतंच, पुरळ कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरतं. अ‍ॅडिनोव्हायरस ह्या सर्दी-तापाच्या विषाणूत डोळे चिकटतात, पण त्याचा स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणून कावासाकी सुटला असं नाही, दोन्ही एकत्र असू शकतं. स्कार्लेट फीव्हरचं (घशाच्या जिवाणूंमुळे येणारा ताप) पुरळ हाताला पॉलिश पेपरसारखं लागतं आणि डोळे सहसा ठीक असतात. कोविडनंतर २ ते ६ आठवड्यांनी येणारा एमआयएस-सी, म्हणजे एकाच वेळी अनेक अवयवांना सूज आणणारा आजार, थोड्या मोठ्या मुलांत जास्त, त्यात पोटदुखी-उलट्या-जुलाब आणि बीपी खाली. ताप रोज ठरल्यासारखा चढतो, पुरळ त्याच्याबरोबर येतं-जातं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, तर लहान मुलांत होणाऱ्या संधिवाताकडे बघतात. अँटिबायोटिक चालू असेल तर औषधाची अ‍ॅलर्जी हा आणखी एक घोळ.

रक्ततपासणीत सीआरपी वाढलाय म्हणजे आत सूज आहे, एवढंच. कशाची ते तो सांगत नाही. कावासाकीत प्लेटलेट्स वाढतात त्या बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे आज नॉर्मल आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिली इको नॉर्मल आली तरी तेच.

घाई का, तर उपचार नाही झाले तर साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडीजची औषधं) ताप आल्यापासून १० दिवसांच्या आत दिलं तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून इको आजच करून घ्या.

जाताना ताप कधी किती होता, औषधं कधी सुरू झाली हे तारखेसकट लिहून न्या. येऊन गेलेल्या खुणा स्वतःहून सांगा, ‘आता नाहीये’ म्हणून गाळू नका, मोबाईलमधले फोटो चाळा. पोर सुस्त पडलं, हातपाय गार, लघवी कमी, किंवा दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

आणि हो, आयव्हीआयजी दिलंच तर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी साधारण ११ महिने पुढे जातात, डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून घ्या, गडबडीत हमखास राहतं.