शेल्टरचं फाटक बंद झालं असेल, तर आधी २०१९ची पावती शोधा

ताई,

तुम्हाला आलेल्या नोटिशीतली पंधरा दिवसांची मुदत संपत आली आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. बाकीचं त्यानंतर.

इतर वाचकांना प्रकरण कळावं म्हणून तुमच्या पत्राचा गोषवारा देते. मखमलाबादच्या बाजूला मळ्यात एक शेल्टर आहे, नव्वदच्या आसपास कुत्री. तुम्ही इंदिरानगरहून गेली सहा वर्षं शनिवार-रविवारी तिथे जाता. ज्या काकांनी ते उभं केलं ते २०२२ मध्ये वारले आणि तेव्हापासून त्यांचा मुलगा अध्यक्ष म्हणून कारभार बघतो. गेल्या महिन्यात रस्त्यावरून आणलेली पिल्लं वेगळी न ठेवता थेट जुन्या पिंजऱ्यांत सोडली गेली, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार पसरला आणि अकरा पिल्लं दगावली. तुम्ही ग्रुपवर जाब विचारला तेव्हा तुम्हाला ग्रुपमधून काढलं, फाटकावर नावांची यादी लावून प्रवेश बंद केला. आता अध्यक्षांच्या वकिलाची नोटीस आली आहे: तुम्ही बदनामी केली, संस्थेच्या नावावर स्वतःच्या गुगल पेवर पैसे घेतले आणि दोन कुत्री पळवली. तुम्ही विचारता, स्वयंसेवकांना असं हाकलता येतं का, ही कमिटी काढता येईल का, आणि उरलेली कुत्री रातोरात दुसरीकडे हलवली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. हलवू नका. कायद्याच्या नजरेत ती कुत्री संस्थेच्या ताब्यात आहेत. कुंपण ओलांडून आत शिरलात तर अतिक्रमणाचा आणि कुत्री नेलीत तर चोरीचा गुन्हा अध्यक्षांच्या हातात आयता पडेल. शिवाय त्यातली किती आजारी आहेत हे आज कुणालाच माहीत नाही, ती जिथे न्याल तिथे साथही जाईल. तुमची तळमळ मला समजते, पण त्या एका रात्रीनंतर सगळं प्रकरण तुमच्यावरच उलटेल.

तुमच्या घरी असलेल्या दोन कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. ती जूनमध्ये फोस्टर म्हणून दिली गेली, शेल्टरच्या वहीत नोंद आहे आणि अध्यक्षांचा 'घेऊन जा, बरी होईपर्यंत ठेवा' हा मेसेज तुमच्याकडे आहे. संमतीने मिळालेली वस्तू चोरीची होत नाही. मात्र परत मागितल्यावर सरळ नकार दिलात तर विश्वासघाताचा आरोप लावता येतो. म्हणून उत्तरात नकार द्यायचा नाही. लिहायचं असं: 'कुत्री परत द्यायला मी तयार आहे, शेल्टरमधली साथ आटोक्यात आल्याचं आणि या दोघांना ठेवायला वेगळी जागा असल्याचं पशुवैद्यकांचं लेखी द्या, त्यानंतर पोच घेऊन ताबा देईन.' त्यांच्या लसीकरणाच्या आणि उपचाराच्या केसपेपरच्या प्रती सोबत जोडा.

पैशांच्या बाबतीत तुमची बाजू सर्वांत कच्ची आहे, आणि ती आजच पक्की करता येईल. गणपतीच्या आधी मंडळं वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयात अर्ज करतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या व्यक्तीलाही तेच कलम लागू होतं. तुमचा हेतू औषधांचाच होता यात मला शंका नाही, पण लोकांनी दिलेले पैसे ही अमानत आहे आणि तिचा हिशेब तुम्हाला द्यावा लागेल. नवं संकलन आज थांबवा. बँकेचं स्टेटमेंट काढा, प्रत्येक जमेसमोर तारीख आणि प्रत्येक खर्चासमोर डॉक्टरांचं किंवा मेडिकलचं बिल लावा, आणि शिल्लक किती आहे ते सगळ्या देणगीदारांना लेखी कळवा. शिल्लक घरखर्चाच्या खात्यात पडून राहू देऊ नका. देणगीदारांच्या संमतीने ती पशुवैद्यकांच्या थकीत बिलात जमा करा आणि पावती घ्या. हा हिशेब नोटिशीच्या उत्तराला जोडलात की अपहाराच्या आरोपाला फारसा आधार राहणार नाही.

तुम्ही पदरमोड करून भरलेल्या बिलांचं काय, असंही विचारलं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७० सांगतं की फुकट करायचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी खर्च केला आणि त्याचा फायदा त्या दुसऱ्याने घेतला, तर भरपाई मागता येते. 'तुम्ही भरा, महिनाअखेर देतो' असा मेसेज ज्या बिलांसाठी आहे, ती मागा. मुदत तीन वर्षांची आहे. बाकीची तुम्ही प्रेमाने दिली होतीत. ती आता मागू नका, त्याने तुमची बाजूच कमजोर होईल.

बदनामीबद्दल थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ खऱ्या आणि लोकहितासाठी केलेल्या विधानाला संरक्षण देतं. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रारही सुरक्षित आहे. 'अमुक तारखेला अकरा पिल्लं गेली, नवी पिल्लं वेगळी ठेवली नव्हती' हे वाक्य तुम्हाला केसपेपरच्या आधारे सिद्ध करता येईल. 'खुनी' आणि 'पैसे खाल्ले' हे शब्द तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतात, ते सिद्ध करता येणार नाहीत. ते पुन्हा कुठेही लिहू नका. ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही सांगा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. स्वयंसेवक म्हणून फाटकातून आत जायचा हक्क तुम्हाला नाही. पगार नाही म्हणून कामगार कायदे नाहीत, करार नाही म्हणून करारभंग नाही. सहा वर्षं ज्यांनी नासूर धुतले त्यांना हे ऐकून वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतं. पण पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे: '२०१९ मध्ये काकांनी आम्हा बारा जणांकडून पाचशे-पाचशे रुपये घेऊन पावत्या दिल्या होत्या, त्यावर आजीव सभासद असं काहीतरी छापलं होतं.' ताई, सगळं प्रकरण या ओळीवर फिरतं.

ती पावती शोधा आणि त्यावर छापलेला नोंदणी क्रमांक बघा. तो 'एफ' अक्षराने सुरू होत असेल, तर संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. 'ई' असेल तर ती निव्वळ विश्वस्त व्यवस्था आहे. 'एफ' असेल आणि पावती सभासदत्वाची असेल, तर तुम्ही फक्त स्वयंसेवक उरत नाही, संस्थेच्या सभासद होता. त्या कायद्याच्या कलम १५ नुसार सभासद म्हणजे नियमाप्रमाणे दाखल झालेली, वर्गणी भरलेली किंवा सभासद नोंदवहीत सही केलेली व्यक्ती, जिने नंतर राजीनामा दिलेला नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर मत देता येत नाही. आजीव सभासदाची वर्गणी एकदाच असते म्हणून ही अडचण सहसा येत नाही. त्या काळात काकांच्या घरी एखाद्या वहीत सही केल्याचं आठवतं का, हे बाराही जणांना विचारा. सभासदाला सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली पाहिजे, हिशेब बघायला मिळाला पाहिजे, आणि नियमावलीत दिलेली पद्धत न पाळता, म्हणणं न ऐकता त्याला काढता येत नाही. २०१९ नंतर तुमच्यापैकी एकालाही सभेची नोटीस आली नसेल, तर २०२२ नंतरची कमिटी कोणत्या सभेने निवडली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचं उत्तर नाशिकच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या फाइलमध्ये आहे. तिथे जाऊन परिशिष्ट एकचा (संस्थेच्या विश्वस्तांच्या आणि मालमत्तेच्या नोंदीचा) उतारा, नियमावली, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि २०२२ नंतरचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे अहवाल, यांच्या नकलांसाठी अर्ज करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांत तो कळवावा लागतो. विश्वस्तपद वारसाने येत नाही, मूळ दस्तात तसं लिहिलेलं असेल तरच येतं. वडील अध्यक्ष होते म्हणून मुलगा अध्यक्ष, असं केवळ घराने ठरवून चालत नाही. चेंज रिपोर्ट दाखलच नसेल किंवा प्रलंबित असेल तर ती तुमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. प्रलंबित चौकशीत हितसंबंधित व्यक्ती म्हणून सामील व्हायला कलम ७३-ए आहे. एक मात्र ध्यानात ठेवा: चेंज रिपोर्ट नाही म्हणून अध्यक्षांनी घेतलेला प्रत्येक निर्णय आपोआप रद्द होतो असं नाही. झालेल्या बदलाची ती नोंद असते. बदल मुळात कायदेशीर झाला का, हे वेगळं तपासावं लागतं.

कमिटी काढायची वाट कलम ४१-डी मधून जाते. हिशेब देण्यात वारंवार कसूर, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, विश्वासभंग, मालमत्तेचा गैरवापर अशा कारणांवर विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येतं. 'सतत' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एका साथीवर हा अर्ज उभा राहणार नाही. ऑडिट रिपोर्टच भरले नसतील, देणग्यांच्या पावत्या दिल्या नसतील, मृत्यूची नोंदवहीच नसेल, तर तो उभा राहील. म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात ४१-डी ने करू नका. आधी कलम ३७ खाली तपासणीची आणि ४१-ए खाली निर्देशांची मागणी करा: नव्या जनावरांसाठी वेगळी जागा, मृत्यू आणि उपचारांची नोंदवही, दरमहा देणगीचा हिशेब. असे निर्देश मिळवणं सोपं असतं आणि कुत्र्यांना त्यांचा उपयोग लगेच होतो. निर्देश मोडले तर तेच ४१-डी चं कारण बनतं. दिवाणी कोर्टात धावू नका; या कायद्याने जे प्रश्न धर्मादाय यंत्रणेकडे सोपवले आहेत त्यात कलम ८० दिवाणी न्यायालयाला मनाई करतं.

पावती 'ई' क्रमांकाची निघाली, किंवा सापडलीच नाही, तरी सगळं संपत नाही. 'हितसंबंधित व्यक्ती' या व्याख्येत तुम्ही बसता का यावर समोरचा वकील नक्की भांडेल, पण आयुक्तांना स्वतःहूनही दखल घेता येते. माहिती त्यांच्यापर्यंत पोचवायला सभासदत्व लागत नाही.

पत्रात तुम्ही जमिनीचा उल्लेख ओझरता केला आहे. मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर त्या पट्ट्यातल्या जमिनींकडे किती जणांची नजर आहे हे नाशिककरांना सांगायला नको, आणि 'शेल्टर इथून हलवायचं आहे' असं अध्यक्ष दोनदा बोलले आहेत. महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर त्या गटाचा सातबारा काढा. जमीन संस्थेच्या नावावर असेल आणि परिशिष्ट एकमध्ये तिची नोंद असेल, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. तसा व्यवहार होऊ घातला असेल तर कलम ४१-ई खाली मनाई हुकूम मागता येतो. पण सातबाऱ्यावर काकांचं वैयक्तिक नाव निघालं, तर जमीन वारसांची आहे आणि शेल्टर आजवर त्यांच्या मर्जीवर चाललं आहे. तसं असेल तर भांडण जमिनीवर खर्च करू नका. नव्वद कुत्र्यांसाठी पर्यायी जागा कुठली आणि ती आधी तयार होणार की नंतर, हे ४१-ए च्या अर्जात विचारा.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १९६० च्या या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपये दंड आहे, आणि ही आपल्या सगळ्यांसाठी शरमेची बाब आहे. उपाशी ठेवणं, निवारा न देणं हे गुन्हे पोलिसांच्या थेट दखलीचे नाहीत. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तेवढी लिहून घेतील. तरी तक्रार करा. कलम ३ जनावर ताब्यात असलेल्या प्रत्येकावर त्याच्या काळजीची जबाबदारी टाकतं, आणि २०१४ च्या नागराज (जलिकट्टू) निकालात सर्वोच्च न्यायालयाने आजारावर उपचार मिळणं हे त्या जबाबदारीत धरलं आहे. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन शेल्टरची तपासणी मागा. सरकारी पशुवैद्यकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात तुमच्या दहा अर्जांपेक्षा जास्त बोलेल. या कायद्याखालचा खटला मात्र घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो.

एक विनंती आहे. शेल्टरवर पगारी असे दोनच कामगार उरले आहेत आणि त्यांचा पगार थकला आहे, असं तुम्ही लिहिता. त्यांना साक्षीदार म्हणून पुढे ओढू नका, निदान आत्ता तरी. ते गेले तर सकाळी नव्वद ताटल्या कोण भरणार?

आणि नोटिशीच्या उत्तराबरोबर, त्याच दिवशी, अध्यक्षांना स्वतंत्र पत्र पाठवा. बारा जणांच्या सह्या, एकही आरोप नाही. वेगळ्या पिंजऱ्यांचा खर्च आम्ही उचलतो, लसीकरणाचं वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून आम्ही लावतो, रविवारी दोघांना प्रवेश द्या आणि महिन्याचा हिशेब फाटकावर लावा, एवढंच लिहा. वडिलांनंतर त्याच्यावर अचानक पडलेलं हे ओझं आहे. तो दुष्ट असेलच असं तुमच्या पत्रातून मला दिसत नाही, घाबरलेला नक्की दिसतो. उत्तरासाठी त्याला सात दिवस द्या. त्याहून जास्त नको, कारण तीन महिन्यांतला एक महिना आधीच गेला आहे.