परदेशी फेलोशिपचा अर्ज: एका तरुण सहकारी प्राध्यापिकेला पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. काम भक्कम आहे, पण ते तिसऱ्या पानापर्यंत दिसतच नाही, याचं फार वाईट वाटलं. पहिली दोन पानं तुझी नोकरी, चर्चासत्रं, समित्या आणि पुरस्कारांनी भरली आहेत. असं का होतं ते मला कळतं. कॅसच्या (बढतीच्या) आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली लावता लावता प्रत्येक गोष्टीचं प्रमाणपत्र जोडायची सवय हाताला लागते. या अर्जात ती सवय बाजूला ठेव. तू आजवर काय केलंस ते निवड समितीला बायोडेटात दिसणारच आहे. प्रस्तावातून त्यांना वेगळं काही हवं असतं: तुला कोणता प्रश्न पडलाय, तो आत्ता का सोडवायचा, आणि त्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहायची गरज काय. नुकतीच पीएचडी झालेल्या मुलांमध्ये ते पुढची शक्यता बघतात. तुझ्याकडून त्यांची अपेक्षा अशा प्रश्नाची असते, जो इतकी वर्षं काम केल्याशिवाय पडलाच नसता.

तो प्रश्न तुझ्याकडे आहे. तिसऱ्या पानावर एका लांबलचक वाक्याच्या शेवटी तू तो लिहून गेली आहेस: सरकारने माणसं मोजायला सुरुवात केल्यावर तीर्थपुरोहितांच्या वह्यांमधल्या नोंदी बदलल्या का? हे तुझं पहिलं वाक्य हवं. १८७२ची पहिली शिरगणती, १८८१पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी सगळीकडे होणारी जनगणना, आणि त्याच काळात नाशिकच्या रामकुंडावर आलेल्या कुटुंबांची नावं गाव-कुळाप्रमाणे लिहून ठेवणारे आपले उपाध्ये, म्हणजे हेच तीर्थपुरोहित. सरकारी तक्त्यात जातीचा रकाना पक्का होत होता, तेव्हा वहीत काय चाललं होतं? नाशिक कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, तोही हे वाचून थांबेल.

‘गोदावरीच्या पवित्र तीरावर वसलेली ही प्राचीन नगरी’ हा सगळा परिच्छेद काढून टाक. त्याऐवजी वहीतली एकच नोंद दाखव. कोण आलं, कुठून आलं, कशासाठी, बरोबर कोण होतं, सही मोडीत आहे, देवनागरीत आहे की अंगठा आहे. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्यास तर तुझं म्हणणं आपोआप उभं राहतं.

तुझा अर्ज फक्त इतिहासकार वाचणार नाहीत, हेही ध्यानात ठेव. बर्लिनच्या विसेनशाफ्ट्सकोलेग या फेलोशिप देणाऱ्या संशोधन संस्थेत दरवर्षी साधारण चाळीस फेलो असतात. त्यांत जीवशास्त्रज्ञ असतात, कायद्याचे अभ्यासक असतात, संगीतकारही असतात, आणि सगळे एकत्र जेवतात. या लोकांना ‘उपाध्ये’, ‘मोडी’, ‘सिंहस्थ’ हे शब्द अर्ध्या वाक्यात समजावता आले पाहिजेत. समजावताना संकोच करू नकोस. ‘माझा विषय जरी स्थानिक असला तरी’ ही तुझी ओळ मला मुळीच आवडली नाही. फ्लॉरेन्सवर लिहिणारा माणूस अशी माफी मागत नाही, मग नाशिकवर लिहिणारीने का मागावी?

‘तिथेच का?’ या मुद्द्यावर तू सगळ्यात कमी लिहिलंस आणि माझ्या मते अर्ज इथेच ठरतो. ‘समृद्ध ग्रंथालय आणि शांत वातावरण’ हे कुठल्याही संस्थेबद्दल लिहिता येतं, म्हणून ते कुणालाच पटत नाही. तुझ्या प्रश्नाचा युरोपशी खरोखर संबंध आहे, तो लिही. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक चर्चमधल्या पाद्र्यांना लग्नांची नोंदवही ठेवायला लावली. १७९२मध्ये फ्रान्समधल्या क्रांतिकारी सरकारने जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी पाद्र्यांकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या, आणि नेपोलियनच्या राजवटीत, १८११मध्ये, नेदरलँड्समध्येही सरकारी नोंदणी सर्वत्र सुरू झाली. तिथे धर्माची वही मागे सारून सरकारची वही पुढे आली. आपल्याकडे सरकारने स्वतःची मोजणी सुरू केली आणि उपाध्यांची वही त्यांच्या घरातच राहिली, आजही लिहिली जाते. या दोन वाटा वेगळ्या का झाल्या, हे त्या नोंदवह्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसांबरोबर बसून तपासायचं आहे, असं म्हण. ॲमस्टरडॅमची नियास ही फेलोशिप देणारी संशोधन संस्था म्हणूनच तुझ्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. १९७०पासूनची संस्था आहे, पूर्वी वासेनारला होती, २०१६मध्ये ॲमस्टरडॅमला आली, आणि सामाजिक इतिहासाची मोठी आंतरराष्ट्रीय संस्था त्याच शहरात आहे. तिथे पाच किंवा दहा महिने राहता येतं. तू दहा महिन्यांचा विचार कर.

लंडनला जाऊन कागदपत्रं बघायचा मुद्दा मात्र वगळ. भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या इंडिया ऑफिसची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत हे खरं, पण निवासी फेलोशिप दप्तरं धुंडाळायला नसते. ती बसून लिहायला असते, आणि तुम्ही तिथेच राहावं अशी त्यांची अपेक्षा असते. साहित्य जमवून झालंय, आता पुस्तक लिहायचंय, असं तुला प्रामाणिकपणे म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी वह्यांचे फोटो काढायचं काम आधी संपव. २०२७च्या सिंहस्थाच्या गर्दीत एकाही उपाध्याला तुझ्यासाठी वही उघडायला फुरसत मिळणार नाही.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण याची मला काळजी आहे. त्या वह्या कुण्या अभिलेखागाराच्या मालकीच्या नाहीत. त्या घरांची ती वडिलोपार्जित ठेव आहे आणि उपजीविकाही. तुला त्या पाहू दिल्या त्या तुझ्यावरच्या विश्वासाने. त्यांचे फोटो परदेशात दाखवण्याआधी प्रत्येक घरी परत जा. कुठली पानं दाखवणार, कुणाची नावं झाकणार, पुस्तकात काय छापणार, हे मराठीत लिहून त्यांच्या हातात दे आणि संमती घे. अजून हयात असलेल्या कुटुंबांची नावं झाकच. मग प्रस्तावात याबद्दल चार ओळी लिही. समितीतला जाणता माणूस त्या ओळी शोधत असतो, आणि तो नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

शिफारसपत्रासाठी पीएचडीच्या गाइडकडे जाऊ नकोस. त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे, पण तुझं गेल्या काही वर्षांतलं काम त्यांनी वाचलेलं नाही. ज्यांनी तुझ्या लेखांवर वाद घातला अशा दोघांना विचार, आणि मुदतीच्या निदान दीड महिना आधी त्यांना प्रस्ताव पाठव. ‘कष्टाळू, प्रामाणिक, विद्यार्थिप्रिय’ अशा पत्राचा उपयोग होत नाही. तुझं कोणतं म्हणणं नवं आहे ते त्यांनी लिहायला हवं. बायोडेटात मराठी लेख जरूर ठेव, प्रत्येकाखाली तो कशाबद्दल आहे त्याची एक ओळ दे. चर्चासत्रातल्या सहभागाची प्रमाणपत्रं सगळी काढ.

रजेचं आजच बघ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापक म्हणून सात वर्षं झाल्यावर सब्बॅटिकल, म्हणजे संशोधन-लेखनासाठीची रजा, मिळू शकते, एका वेळी जास्तीत जास्त वर्षभर. तेवढी झाली नसतील तर अभ्यास रजेला बसतेस का ते कार्यालयात विचार, आणि त्यात परतल्यावर किमान तीन वर्षं सेवेची हमी द्यावी लागते हे लक्षात घे. प्राचार्यांकडे जाताना तुझ्या तासिका कोण घेणार याचा कागद बरोबर ने. निवड झाल्यावर रजा अडली तर सगळंच अडतं, आणि हे अर्ज वर्षभर किंवा त्याहून आधी मागवतात, म्हणजे तुला वेळ आहे.

घरच्यांशी बोलणंही अर्ज पाठवण्याआधीच कर. मुलगी बरोबर येणार का, तिच्या शाळेचं काय, आईकडे कोण राहणार, हे प्रश्न आहेतच आणि त्यांची उत्तरं निघतात. अशा बऱ्याच संस्था कुटुंबासह राहायला घर देतात. त्यांच्या कार्यालयाला सरळ ईमेल करून विचार, त्याने अर्जावर वाईट परिणाम होत नाही. ‘घरचं कसं जमेल’ या एका शंकेपायी अर्जच न केलेल्या हुशार बाया मी नाशिकमध्ये पाहिल्या आहेत. त्यांची पुस्तकं लिहिलीच गेली नाहीत, आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

पहिल्या वेळी नकार येऊ शकतो आणि कारण सांगतीलच असं नाही. तोच प्रस्ताव सुधारून दुसरीकडे पाठवायचा.

आता नवा मसुदा हजार शब्दांत बसव आणि गणपतीच्या आधी मला दे. एक प्रत तुमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनाही वाचायला दे. त्यांना कुठे अडलं तिथे पेन्सिलने खूण करायला सांग, आणि ती प्रत घेऊनच माझ्याकडे ये.

तुझी,
बाई