गोळी बाळाला बाधेल का?

प्रश्न : मी 27 वर्षांची, पहिलटकरीण. नुकताच सातवा लागलाय. गेल्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी केली, दोन तासांनी शुगर 156. दोन आठवडे गोड बंद, भात मोजून. तरी जेवणानंतरची 134 आली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ लिहून दिलीय. सासूबाई म्हणतात, "आम्हाला तीन पोरं झाली, एक गोळी घेतली नाही. बाळाला बाधेल." आठ दिवस गोळ्या पर्समध्येच आहेत. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : सासूबाईंच्या काळी साडेचार किलोचं बाळ झालं की पेढे वाटायचे, आईची शुगर कुणी बघत नसे. पण त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत जाते, इन्सुलिन जवळपास जात नाही. हे मी पेशंटपासून कधी लपवत नाही.

पण साखरही वारेतून जाते, आणि ती तर आत्ता, गोळी न घेताही जातेय. ती जिरवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगाने भरतं. नाळ कापली की साखर एकदम थांबते, इन्सुलिन मात्र चालूच. मग तेच गुटगुटीत बाळ तासा-दोन तासांत थरथरतं, दूध ओढत नाही, आणि टाचेला टोचून त्याची शुगर बघावी लागते. मी काळजी करते ती याची.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 751 गर्भवतींवर झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या बाळांना इन्सुलिनवाल्यांपेक्षा जास्त त्रास झाला नाही. मात्र त्यांतल्या 46 टक्के जणींना पुढे इन्सुलिनही जोडावं लागलं. त्यातली काही मुलं पुन्हा तपासली, ॲडलेडची सात वर्षांची आणि ऑकलंडची नऊ वर्षांची झाल्यावर. तेव्हा मेटफॉर्मिन घेतलेल्या आयांची ऑकलंडची मुलं थोडी अंगाने मोठी निघाली, ॲडलेडच्या मुलांत फरक दिसला नाही. म्हणून नजर ठेवायची, घाबरायचं नाही. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शनातही दोन आठवडे पथ्य करून जेवणानंतर दोन तासांची शुगर 120च्या खाली आली नाही, तर विसाव्या आठवड्यानंतर मेटफॉर्मिन चालते. तुमची 134 आहे.

गोळी जेवणासोबत घ्या, नाहीतर मळमळ आणि जुलाब. घरातल्या कुणाची दुसरी शुगरची गोळी मात्र चुकूनही नको. तशाच एका गोळीने, ग्लिबेनक्लामाइडने, बाळाची शुगर जन्मल्यावर उतरण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन लागलंच, तर सुई शिवणाच्या सुईपेक्षा बारीक असते. पहिल्या दिवशी डोळे मिटणाऱ्या बायका चौथ्या दिवशी टीव्ही बघत टोचून घेतात.

पथ्य गोळीबरोबरही चालूच. ज्वारीची भाकरी चालते, पण दोनाच्या चार नकोत. उपासाची साबुदाणा खिचडी सोडा. डोहाळजेवण जवळ आलं असेल, तर ताटातला शिरा सासूबाईंना भरवा. आणि पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं.

बाळंतपणानंतर बहुतेकींची गोळी बंद होते. तरी सहा आठवड्यांनी तेच ग्लुकोजचं पाणी पुन्हा प्यायचं आहे. बाळाच्या गडबडीत हमखास राहून जातं ते हेच, तेव्हा आत्ताच बाळाच्या लसीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

आणि आठ दिवस गोळी घेतली नाही हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. नाहीतर पुढचा रिपोर्ट बघून त्यांना वाटेल, गोळी पुरत नाही, आणि त्या डोस वाढवतील.