माउस हाताशी असताना मुरलेले लोक एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये, कीबोर्डच्याच कमांड का वापरतात?

वेग हे कारण सगळे सांगतात, पण मला ते अर्धंच वाटतं. खरी गंमत अशी की व्हिमसारख्या एडिटरमध्ये लिहिण्याची आणि कमांड देण्याची अवस्था वेगळी असते, आणि कमांड म्हणजे छोटी वाक्यं असतात. 'डी' म्हणजे काढ, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. दोन्ही जोडले की शब्द गेला. 'सी', 'आय' आणि अवतरणचिन्ह दाबलं की अवतरणातला मजकूर पुसून तिथंच नवं लिहायला तयार. पुढच्या जागी तेच हवं असेल तर नुसतं टिंब (.) दाबायचं. माउसनं केलेली निवड अशी पुन्हा वापरता येत नाही, दरवेळी नव्यानं ओढत बसायचं.

शिवाय नजर मजकुरावरच राहते. मी बेळगावात शहापूरला डीटीपीचं काम करतो. दोनशे नावांच्या यादीत प्रत्येक ओळीत तोच बदल करायचा असला की एकदा मॅक्रो (दाबलेल्या कळांचा पुन्हा चालवता येणारा क्रम) रेकॉर्ड करतो आणि चहा येईपर्यंत काम संपतं.

व्हिममध्ये कर्सर हलवायला बाणांऐवजी एच-जे-के-एल या कळा असतात. त्या प्रोग्रॅमर बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिताना घेतल्या, कारण त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते.

आपल्याकडची अडचण वेगळी. मराठी, कन्नड, इंग्रजी असं एकाच फाइलमध्ये टाइप करताना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा कीबोर्ड) चालू राहिलं तर 'जे' दाबल्यावर 'र' जातो आणि कर्सर ढिम्म हलत नाही. यावर व्हिमची स्वतःची कीमॅप (कोणत्या कळेवर कोणतं अक्षर ते ठरवणारी) सोय वापरा. ती लिहितानाच लिपी बदलते, कमांड इंग्रजीतच राहतात.

आणि हो, पहिले दोन आठवडे माउसवाल्यांपेक्षा तुम्हीच हळू असणार.