पाटीवर काय लिहायचं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. गणपतीच्या आधी मला कुणी पत्र लिहू नये आणि लिहिलंच तर उत्तराची वाट बघू नये. शेवटचे दहा दिवस मी कुंभार गल्लीत मूर्तींचे डोळे आखायला असतो, घरी फक्त आंघोळीला येतो. तुझे कागद तिथंच रंगाच्या डब्यांमागं खोचून ठेवले होते. दुसऱ्या पानावर पितांबराचा पिवळा सांडलाय, तेवढ्या दोन ओळी गेल्या. बाकी सगळं वाचलं, दोनदा.

चार पानं लिहिलीस, पण अडलीयस एकाच जागी. व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकायचंय आणि नावाखाली काय लिहायचं ते ठरत नाही. 'चित्रकार' लिहावं तर चित्रं विकली जात नाहीत म्हणून लाज वाटते. 'डिझायनर' लिहावं तर पुण्यातली सोडलेली नोकरी आठवते. 'कलाकार' म्हटलं की आई विचारते, तमाशात निघालीस काय? (आईचं मनावर घेऊ नकोस, पण उलटही बोलू नकोस. लग्नपत्रिकांच्या पाकिटांना रात्री गोंद लावत कोण बसतं, ते तूच लिहिलंयस.)

कार्डाचा मामला मला चांगला ठाऊक आहे, कारण मीही एकदा छापलं होतं.

मी पाट्या रंगवायचो हे तुला माहीत आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, तालमींची नावं, निवडणुकीत गावोगावच्या भिंती. सगळे 'पेंटर' म्हणायचे. पोस्टमनसुद्धा. मग फ्लेक्स आला. आम्ही आधी हसलो, कारण तो उन्हानं विटायचा, वाऱ्यानं फाटायचा आणि त्यावरची अक्षरं बघवायची नाहीत. पण ज्याला वाढदिवसाच्या आदल्या रात्री दहा फुटी बोर्ड चौकात लावायचा असतो, त्याला विटण्याशी काय देणंघेणं? आणि कोल्हापुरात वाढदिवस किती असतात ते तुला सांगायला नको. दोन-तीन वर्षांत काम आटलं.

तेव्हा मी काय केलं? दोनशे कार्डं छापून आणली. 'चित्रकार व सुलेखनकार'. खादीचा झब्बा शिवला. दाढी वाढवली. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाऊन कार्डं वाटली. आणि त्या दीड वर्षात, पोरी, मी एक रेघ ओढली नाही. पेंटर होतो तेव्हा रोज आठ तास ब्रश हातात असायचा. चित्रकार झालो आणि ब्रश वाळून खडखडीत झाले. भीती वाटायची. पाटीवरचं अक्षर चुकलं तर टरपेनच्या फडक्यानं पुसून परत काढता येतं. चित्र चुकलं तर चित्रकारच खोटा ठरेल, असं वाटत राहायचं. पाटी रंगवताना हा विचार कधी शिवला नव्हता, कारण दुकानाचं उद्घाटन सकाळी असायचं आणि भीतीला वेळच नसायचा.

ती कार्डं अजून आहेत. पाठ कोरी आहे, रंग लावून बघायला बरी पडतात.

तू कार्डावर नाव आणि फोन नंबर छाप. खालची ओळ मोकळी राहू दे.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं तू रोज जात असशील. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं खरं आडनाव मेस्त्री. घरात सुतारकी, कोरीवकाम. ते आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. दोघांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, कॅमेरा अर्धवट. बाबूरावांनी आपल्या शिष्याला, दामल्यांना, हाताशी धरून तो पुरा केला. १ डिसेंबर १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट आला. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा उभा केला म्हणून हे झालं. पैसा कुणी दिला ते अशा गोष्टींत नेहमी शेवटी सांगतात, म्हणून मी मुद्दाम मध्येच लिहितोय. पुढं १९२९ मध्ये त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी बाहेर पडून इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूराव नंतर पुन्हा चित्रांकडं, पुतळ्यांकडं वळले. आता सांग, त्यांनी कार्डावर काय छापलं असतं? पडदे रंगवणारा? कॅमेरा बनवणारा? दिग्दर्शक? शिल्पकार? गावानं त्यांना एक शब्द दिला, तोही पहिल्या धंद्याचा, आणि तो त्यांना जन्मभर पुरला.

पैशावरनं आठवलं. नोकरी सोडल्याचं तू जरा शौर्यासारखं लिहिलंयस. तसं काही नाही त्यात. जगदीश खेबूडकर शाळेत मास्तर होते. पोरांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात त्यांनी जी गाणी लिहिली ती अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. नोकरी सोडलीस हेही ठीक, परत धरलीस तरी ठीक. पण लग्नपत्रिकांना 'पोटासाठीचं काम' म्हणून नाक मुरडतेस ते मला आवडलं नाही. एक पत्रिका शंभर घरांत जाते, तिथली म्हातारी माणसं चष्मा लावून ती अक्षरं वाचतात. तुझी चित्रं किती जणांनी इतकी निरखून बघितलीत?

तुझी अक्षरं कुणीतरी उचलून स्वतःच्या बोर्डावर वापरली, त्याबद्दल थोडक्यात. काम तयार झालं की त्यावर तुझा हक्क आपोआप लागतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडायची वेळ आली तर पुरावा लागतो, म्हणून कच्ची रेखाटनं तारखेसकट ठेव. निम्मे पैसे आधी घे. बाकी त्या माणसाला एकदा फोन करून सरळ विचार. निम्मे लोक लाजून पैसे देतात. उरलेल्यांच्या नादी लागू नकोस.

नादावरनं पुढचं. पत्रात 'पॅशन' हा शब्द तू अकरा वेळा लिहिलायस, मी मोजले. 'माझी पॅशन नक्की कुठली ते शोधतेय', 'पॅशन संपली तर काय'. आपल्याकडं ह्याला आवड म्हणत नाहीत. आवड वांग्याच्या भाजीची असते. आपल्याकडं नाद म्हणतात. कुस्तीचा नाद, कबुतरांचा नाद, गाण्याचा नाद. आणि घरातलं कुणी कौतुकानं म्हणत नाही, 'नादाला लागलाय' असंच म्हणतात. आमच्या गल्लीत एकजण कबुतरं पाळतो. पहाटे पाचला माळ्यावर चढतो, शिट्टी मारतो, मान मोडेपर्यंत आभाळात बघत उभा राहतो. बायकोनं दोनदा कबुतरं विकायला काढली. आपला नाद नक्की कबुतरांचा आहे का, असा प्रश्न त्याला एकदाही पडलेला नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की लालसर मादी अजून उतरली नाही.

तुझा नाद तुला दिसत नसेल, मला पाकिटावर दिसला. पत्ता लिहिताना 'कोल्हापूर'मधला 'ल्ह' तू दोनदा गिरवलायस. आधी काढला, आवडला नाही, मग त्याच्यावरच परत जरा सरकवून काढलास. खालचा निळा अजून दिसतो. पोस्टात टाकायचं पाकीट होतं ते. माझ्याशिवाय कुणी बघणार नव्हतं आणि मीही सहसा बघितलं नसतं.

आता 'ल्ह'बद्दल ऐक, कारण ह्या एका जोडाक्षरावर मी अर्धं आयुष्य काढलंय. गावातल्या निम्म्या पाट्यांवर ते यायचंच. अर्ध्या ल-ला दंड नाही, ह-लाही नाही. दोघं शिरोरेषेला लोंबकळत असतात, टेकायला कुणाचा आधार नाही. त्यामुळं एकतर मधे खड्डा पडतो किंवा ह-चं पोट ल-च्या अंगावर जातं. तू ल छोटा करून बघितलास. सगळे तेच करतात आणि मग शब्द बोबडा दिसतो. ल-ची उंची तशीच ठेव, गाठी किंचित चपट्या कर. ह-ची मान थोडी लांब सोड, म्हणजे पोट खाली उतरतं आणि ल-ला श्वास घ्यायला जागा मिळते. पुढचा काना केसभर उजवीकडं. आमच्या उस्तादांनी हे मला कधी तोंडानं सांगितलं नाही. माझ्या शेजारी बसून ते काढायचे आणि उठून चहाला जायचे.

माझ्या पहिल्या पाटीवर 'कोल्हापूर' शेवटी होतं आणि र-ला जागाच उरली नाही. भरलेल्या एस्टीत दाराला चेपून उभ्या माणसासारखा तो र. उस्तादांनी पुसू दिलं नाही, तशीच पाटी लावायला लावली. सात वर्षं मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं, पार वळसा घालून जायचो. मग मालकानं दुकान विकलं, पाटी उतरली आणि त्या दिवशी मला चुटपुट लागली. का ते अजून कळलेलं नाही.

'हे एक दिवस जमेनासं झालं तर?' असं विचारलंयस. होईल कधीतरी. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गवई. त्यांचा आवाज तरुणपणी गाऊन गाऊन बसला तो बसलाच, फार दिवस आला नाही. आला तेव्हा पहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली, तिला आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात. ह्यातनं सुविचार काढायला बसू नकोस, तसले मी शाळांच्या भिंतींवर पुष्कळ रंगवलेत. मला त्यातलं एवढंच पटतं की गवई गेलेल्या आवाजाचं रडगाणं गात बसला नाही, हाताशी होता तो आवाज घेऊन रियाजाला बसला.

माझा उजवा हात आता थरथरतो. चार वर्षं झाली. पाटीच्या मोठ्या अक्षराला चालून जातं, डोळ्याला नाही. म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून आखतो. झब्ब्याच्या दिवसांनंतर पैशाची ओढाताण झाली तेव्हा लाजत लाजत कुंभार गल्लीत गेलो होतो, वाटलं होतं सोपं असेल. आधी पांढरं, मग बुबुळ, मग वरची काळी रेघ, मग भुवई. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढऱ्याचा एक ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला पडला पाहिजे. एकात डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं गेला की देव तिरळा. तो ठिपका देताना श्वास धरावा लागतो, गल्लीत ढोल वाजत असला तरी. पहिल्या वर्षी माझे चाळीस गणपती तिरळे नव्हते, पण सगळे रागावलेले होते. वरची रेघ जाड झाली होती. कुंभारमामांनी काही न बोलता चाळीसच्या चाळीस डोळे परत पांढरे केले आणि ब्रश माझ्याच हातात दिला.

त्या मूर्तींवर माझी सही नसते. पाच-सहा दिवसांत इराणी खणीत विसर्जनाला जातात, डोळ्यांसकट. ह्या वर्षी एक बाई मूर्ती ठरवायला आल्या, सगळे गणपती बघितले आणि मामांना म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या डोळ्यांचा कुठाय?" मी मागं पाटावर जेवत बसलो होतो. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही मान वर केली नाही. बाईंनी मात्र बरोबर माझाच उचलला. भाकरी जरा जास्तच गोड लागली, हे तुला सांगायला हरकत नाही.

पुढच्या रविवारी मोकळी असशील तर ये. गंगावेशीतल्या एका दूधवाल्यानं फ्लेक्सला कंटाळून हातानं रंगवलेली पाटी मागितलीय. पत्रा आठ बाय तीनचा, प्रायमर मारून वाळत घातलाय. गावाचं नाव खालच्या ओळीत, डावीकडं. ते तू काढायचं. मी शेजारी बसेन, मग चहाला जाईन. चुकलं तर मी पुसू देईन का, ते तेव्हा बघू.

ब्रश माझे आहेत, आणू नकोस. टरपेन तेवढं संपलंय, येताना अर्धा लिटर घेऊन ये. आणि आईला नमस्कार सांग.

तुझा,
पेंटरकाका